सावरखिंडीतला बॉयलर

धाकू मैलकुलीने हातातली काठी रस्त्याच्या कडेच्या भेगेत घातली. वीतभर जाईल असं मला वाटलं होतं. ती हातभर आत गेली, तरी तिला तळ लागला नाही.

"दोन पावसाळे झाले," तो म्हणाला. "आधी केसाएवढी होती. आता माझा पंजा जातो."

दाजी भेगेशेजारी उकिडवे बसले. त्यांनी आत बघितलं, मग दरीच्या बाजूच्या दगडी कठड्यावर हात ठेवून तो हलतो का ते बघितलं. कठडा मधोमध फुगला होता, भाकरी फुगावी तसा. त्याच्यावर कुणीतरी नुकताच चुना मारला होता. सावरखिंडीच्या घाटातलं हे सातवं वळण. एकूण वळणं दहा. दुसऱ्या दिवशी आम्ही याच रस्त्याने एक अवजड बॉयलर वर नेणार होतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे नवरे, हणमंतराव भोईटे. सतरा वर्षं पलटणीत गाडी चालवून नाईक म्हणून ते घरी आले. बाकीचे लोक पेन्शनीत येऊन शेती बघतात, पतपेढीत वॉचमन होतात. दाजींनी पुण्याला मिलिटरी डिस्पोजलच्या लिलावात एक जुना ट्रक घेतला. सहा चाकी, पुढच्या चाकांनाही ओढ असलेला, छपराच्या जागी ताडपत्री. हिरवा रंग उडून खालचा तांबडा दिसायला लागला होता, पण बॉनेटवरचा पांढरा पलटणीचा आकडा दाजींनी पुसू दिला नव्हता. गावाने त्या गाडीचं नाव ठेवलं रेडा. ओढ्यात उलटलेले ट्रक, रुतलेले रोलर, विहिरीवरची यंत्रं, जे कुणाकडून हलत नसे ते ओढायला रेड्याला बोलावणं यायचं. मी एका वर्कशॉपात फिटर होतो, ते सोडून मी दाजींच्या हाताखाली आलो. तेव्हा माझं वय एकोणतीस होतं, लग्न व्हायचं होतं, आणि दाजी जे करतील ते बरोबरच असणार अशी माझी समजूत होती.

साल शहात्तर, चैत्र महिना. घाटमाथ्यावर कागदाचा कारखाना उभा राहत होता. त्याचा बॉयलर मुंबईहून तराफ्यावर घालून खाडीतल्या बंदरात उतरवला होता, कारण देशावरच्या वाटेतला नदीवरचा पूल त्याच्या रुंदीला पुरत नव्हता. आधी दोन ठेकेदार येऊन घाट बघून गेले आणि परत आलेच नाहीत. मग कारखान्याचे इंजिनिअर देवस्थळी आमच्या दारात आले. दाजींनी लगेच होकार दिला नाही. आधी घाट पायी चढून बघतो म्हणाले. म्हणून आम्ही त्या दिवशी धाकूच्या मागे मागे चालत होतो. धाकू वीस वर्षं त्या घाटातल्या रस्त्याची डागडुजी करत होता. कुठला दगड कधी सुटतो हे त्याला ठाऊक होतं.

दाजींनी त्याला विचारलं, की बॉयलर डोंगराच्या अंगाला धरून नेला तर हे वळण तोलेल का. धाकूने काठीचं टोक भेगेच्या कडेवर आपटून बघितलं.

"तोलंल," तो म्हणाला. "पण इथं थांबू नका. चालत असाल तवर तो सोडंल तुम्हाला. थांबलात की धरून ठेवंल."

तो रस्त्याबद्दल बोलत होता. पण एखाद्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलला.

संध्याकाळी घरी आक्काने एवढंच विचारलं, की दोघे नाही म्हणून गेले ते काय बघून गेले असतील. दाजी म्हणाले, त्यांनी लडाखातले रस्ते बघितलेले नाहीत. आक्काने दाजींच्या ताटात भाकरी वाढली आणि ती हात धुवायला गेली, ती बराच वेळ परत आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही पायथ्याहून निघालो. आठ ते दोन घाट बंद ठेवण्याची परवानगी देवस्थळींनी मिळवली होती. वर एक आणि खाली एक असे दोन लाल निशाणवाले कारखान्याने नेमले होते. पायथ्याच्या हॉटेलात चहा पीत बसलेली माणसं बॉयलर दिसल्यावर बोलायची थांबली. बोलणं थांबावं असाच तो दिसत होता. घराएवढं काळं लोखंडी पिंप, साखळ्यांनी ट्रेलरवर आवळलेलं, त्याला पुढे गोल झाकणाचं एक तोंड. ट्रेलर आणि रेडा यांच्यामध्ये मांडीएवढा जाड पोलादी दांडा होता. तो रेड्याच्या मागच्या जबड्यात बसायचा आणि वरून त्यातून मनगटाएवढी पिन जायची. पिनेच्या खालच्या टोकाला एक चाप असायचा, ती उसळून वर येऊ नये म्हणून. दांडा, पिन आणि चाप यांच्यावर नजर ठेवणं हे माझं काम. चार माणसं ट्रेलरच्या चाकांबरोबर लाकडी ठोकळे घेऊन चालणार होती. गाडी थांबली की चाकामागे ठोकळा.

निघण्याआधी दाजींनी आम्हा सगळ्यांना जवळ बोलावलं. ओझ्याच्या मागे कुणी चालायचं नाही, असं त्यांनी तीनदा बजावलं. बाजूने चाला, पुढे चाला, पण मागे नको. मग त्यांनी देवस्थळींना विचारलं, खालचा निशाणवाला भरवशाचा आहे ना. देवस्थळी म्हणाले, माणूस चांगला आहे, त्याला सगळं समजावून सांगितलंय.

रेडा सगळ्यात हळू गिअरमध्ये चढायचा. माणूस त्याच्या बरोबरीने चालताना कंटाळेल इतका हळू. त्या गुरगुराटाने पोटातलं पाणी हलायचं. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. प्रत्येक वळणावर दाजी खाली उतरत, दांड्याला हात लावत, टायरांना हात लावत, आणि न बोलता परत चढत. डोंगर एकदम गप्प होता. घाटात एरवी माकडं असतात. त्या दिवशी एकही दिसलं नाही. आवाजाला घाबरून लांब गेली असतील, असं मी स्वतःला सांगितलं.

चौथ्या वळणावर ट्रेलरच्या ब्रेकचा हवेचा पाइप चिरला. जुना होता. दाजींनी आदल्या आठवड्यातच तो बदलायला सांगितलं होतं, आणि देवस्थळींनी नवा मागवलाही होता, पण तो आला नव्हता. ठोकळे लावून आम्ही थांबलो. मी चिरलेला भाग कापला, उरलेला पाइप ओढून पुन्हा जोडला, वर तारेने आवळला. ह्यात दोन तास गेले. ऊन डोक्यावर आलं. रस्त्यावरचं डांबर मऊ पडून चपलेला चिकटायला लागलं.

सहाव्या वळणाच्या पुढे रस्ता रुंद आहे. तिथे दाजींनी गाडी लावली आणि देवस्थळींना सांगितलं, की आज इथेच थांबू. ओझं इथे रात्रभर सुरक्षित राहील, उद्या सकाळी डांबर घट्ट असताना पुढे जाऊ. देवस्थळींनी घड्याळ बघितलं. दीड वाजला होता. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त सांगितलं, की उद्याची परवानगी नाही, आणि पुन्हा कधी मिळेल ते माहीत नाही. पण तुम्ही म्हणाल तसं, असंही म्हणाले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, हे मला आजही म्हणावंसं वाटतं.

दाजी माझ्याकडे बघत होते. असं ते कधी करत नसत.

"चारच वळणं राहिलीत, दाजी," मी म्हणालो. "रेडा ओढील."

त्यांनी मान हलवली आणि ते गाडीत चढले.

सातव्या वळणावर आम्ही पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. ओझं डोंगराच्या अंगाला होतं, जसं ठरलं होतं तसंच. रेडा वळण पार करून सरळ चढणीला लागला. ट्रेलरची मागची चाकं भेगेच्या बरोबरीने आली, आणि तिथे मऊ डांबरात रेड्याची मागची चाकं जागच्या जागी फिरली. एकदा, दोनदा. जळक्या रबराचा वास आला. दाजींनी ब्रेक दाबला.

आम्ही थांबलो होतो.

ठोकळेवाले धावले. मी तारेने आवळलेल्या पाइपकडे बघितलं. तो फुगत होता. मी ओरडायच्या आत तो फाटला आणि सगळी हवा लांब फुसकारा टाकत निघून गेली. आता ट्रेलरला ब्रेक नव्हता. चार ठोकळे आणि रेड्याचे ब्रेक, एवढ्यावर तो बॉयलर उभा होता.

पहिला ठोकळा फुटला तो बंदुकीसारखा वाजला. मग दुसरा. ठोकळेवाल्यांतला एकजण ओंजळीत लाकडाच्या ढलप्या घेऊन उभा राहिला, त्याला काय करावं तेच सुचेना. देवस्थळी पुढच्या जीपमधून उतरून धावत आले आणि मोठे दगड आणा म्हणून सांगायला लागले. रेडा मागे सरकला. फार नाही, चार बोटं. थांबला. पुन्हा चार बोटं. चाकं फिरत नव्हती, ती ब्रेकखाली आवळलेलीच होती, पण त्यांच्याखालचं डांबरच सायीसारखं सुटून येत होतं.

त्याच वेळी खालून हॉर्न ऐकू आला.

घाटात एस.टी. प्रत्येक वळणावर हॉर्न देते. पहिला हॉर्न खूप खालचा होता. मग जरा वर. मग आणखी वर. खालच्या निशाणवाल्याने दोनची वेळ टळल्यावर गाडी सोडली होती. प्रवासी भांडायला लागले, आणि त्याला वाटलं आम्ही वर पोचलो असू. हे नंतर कळलं. तेव्हा फक्त तो हॉर्न कळत होता. दर वेळी थोडा जवळचा. एक ठोकळेवाला उतारावरून पळत सुटला, हात हलवत.

मी वाकून खाली बघितलं. सहाव्या वळणावरून एस.टी. वर आली, तिच्या टपावर सामान होतं, आणि आमच्या सरळ रेषेत येऊन ती थांबली. तिच्या मागे लाकडाने भरलेला एक ट्रक होता, त्याच्या मागे आणखी काहीतरी. तिला मागे जायला वाव नव्हता. खिडक्यांतून डोकी बाहेर आली. दार एकच, ते डाव्या बाजूला, दरीकडे, आणि गाडी कठड्याला घासून उभी होती. माणसं त्या फटीतून एकेक करून उतरायला बघत होती. आमच्यात आणि तिच्यात शंभर पावलंही नव्हती.

"जयवंता, पिन..." दाजी ओरडले. पुढचं इंजिनाच्या आवाजात बुडालं.

मी हातोडा घेतला आणि रेडा आणि ट्रेलर यांच्या मधल्या जागेत शिरलो. दांड्याखाली गुडघ्यावर बसलो आणि पिनेवर घाव घालायला लागलो. रेडा सरकत होता, त्याच्याबरोबर मीही गुडघ्यांवर मागे सरकत होतो. देवस्थळी माझ्या नावाने हाका मारत होते, बाहेर ये म्हणून. मी घाव घालत राहिलो. किती घातले ते सांगता येणार नाही.

मग दाजींनी स्टिअरिंग दरीच्या बाजूला फिरवलं.

मला वाटलं, संपलं, त्यांना आता दरी दिसत नाही. पण ओझं मागे सरकत असताना पुढची गाडी एका अंगाला वळवली की मागचं शेपूट दुसऱ्या अंगाला जातं. ट्रेलरचं शेपूट डोंगराकडे वळलं, मागची चाकं डोंगराकडेच्या गटारात उतरली, आणि बॉयलर कातळाला टेकून थांबला. त्याच झटक्याने रेड्याचं तोंड उजवीकडे फिरलं. स्टिअरिंग उजवीकडेच असतं. दाजींच्या बाजूचं दार कातळावर जाऊन आदळलं आणि चिप्पट झालं. मी कुठल्या कुठे फेकला गेलो. उठलो तेव्हा सगळं शांत होतं. इंजिनही बंद पडलं होतं.

दाजी शुद्धीवर होते. उजवा पाय गुडघ्याच्या वरपर्यंत पत्र्यात अडकला होता आणि रक्त टपटप नाही, धारेने जात होतं. देवस्थळींनी बघितलं आणि ते बाजूला जाऊन ओकले. मी पत्रा हातांनी ओढत होतो. तेवढ्यात मला कुणीतरी खांद्याला धरून बाजूला केलं. खालून धावत आलेली पांढऱ्या पातळातली एक मुलगी होती, बाविशी-तेविशीची. तिने काही विचारलं नाही. माझ्या गळ्यातलं उपरणं ओढून घेतलं, दाजींच्या मांडीला गुंडाळलं, हातोड्याचा दांडा त्यात घालून पिरगाळला आणि मला म्हणाली, हे असंच धरा, सैल केलंत तर ते जातील. ती नर्स होती. पहिल्या नेमणुकीवर हजर व्हायला त्या एस.टी.तून चालली होती.

पत्रा कापून दाजींना बाहेर काढायला पाऊण तास लागला. जीपमधून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. वाटेत सगळा वेळ ती आमच्याबरोबर होती, त्यांच्या नाडीवर बोटं ठेवून. पाय गेला. दाजी राहिले.

पुढचे दोन महिने माझं जगणं माझ्या हातात नव्हतं. देवस्थळींनी सगळीकडे सांगितलं, की हा माणूस दोन गाड्यांच्या मध्ये बसून सुटत आलेली पिन आत ठोकत होता, मी हाका मारत होतो तरी बाहेर आला नाही. ठोकळेवाल्यांनीही तेच सांगितलं. त्यांनी मला हातोडा चालवताना डोळ्यांनी बघितलं होतं. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात फोटो आला. एस.टी.त एक्केचाळीस माणसं होती. त्यांच्या गावांनी मिळून आमचा सत्कार ठेवला. दाजी कुबड्यांवर आले होते. कुणीतरी त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते म्हणाले, "मी गाडी वळवली, पण जयवंतानं पिन धरली नसती तर वळवायला काही राहिलं नसतं." टाळ्या वाजल्या. मी खाली बघत होतो. लोकांना तो विनय वाटला.

त्या सत्काराला ती नर्सही आली होती, तिच्या वडिलांबरोबर. मंदाकिनी तिचं नाव. वडिलांनी दाजींशी बोलणं काढलं. पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं. वरातीत लोक म्हणत होते, देवानंच गाठ घातली, ह्यानं हिला वाचवलं आणि हिनं ह्याच्या दाजींना.

आता मी सांगतो ते आजवर एकाच माणसाजवळ बोललोय.

पिन आत ठोकायची तर वरून घाव घालावा लागतो. मी खाली बसलो होतो. चाप मी आधीच ओढून फेकून दिला होता. मी घाव घालत होतो ते खालून वर, पिन बाहेर काढायला. पिन निघाली असती तर रेडा मोकळा झाला असता, दाजी सुटले असते, आणि तो बॉयलर उतारावरून सरळ खाली गेला असता. खाली एस.टी. आहे हे मला माहीत होतं. मी ती बघितली होती. खिडकीतली डोकी बघितली होती. दाजी ओरडले ते पूर्ण वाक्य मी ऐकलं होतं. ते ओरडले होते, "जयवंता, पिन काढू नको." ते बाकी कुणाला ऐकू गेलं नाही. मी ऐकलं आणि तरीही घाव घातले. माझ्या डोळ्यांसमोर फक्त आक्का होती.

पिन निघाली नाही. ओझ्याची ओढ असताना ती निघत नसते. फिटरला हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. मला त्या क्षणी आठवलं नाही, एवढंच. एक्केचाळीस माणसं जगली ती माझ्या विसराळूपणामुळे नाही आणि माझ्या धाडसामुळेही नाही. पिन अडकली म्हणून जगली, आणि दाजींनी गाडी वळवली म्हणून. त्यातली एक पुढे माझ्या मुलांची आई झाली. लग्नानंतर पहिली काही वर्षं ती झोपली असताना मी तिच्या तोंडाकडे बघू शकत नसे. ती मात्र ती गोष्ट सगळ्यांना सांगत राहिली. शेजाऱ्यांना, मुलांना, दवाखान्यातल्या बायकांना. ह्यांनी पिन सोडली नाही, असं ती सांगायची, आणि मी काहीतरी काम काढून उठायचो.

दाजी पुढे बावीस वर्षं जगले. ट्रक त्यांनी पुन्हा कधी चालवला नाही. रेडा भंगारात गेला, त्या दिवशी ते घराबाहेर आले नाहीत. एक पाय गेला आणि पुढे दुसऱ्या पायालाही जखमा व्हायला लागल्या, त्या भरत नसत. आक्काने ते सगळं केलं. उठवणं, बसवणं, जखम धुणं, पू पुसणं. दाजींचा स्वभाव शेवटी शेवटी फार कडू झाला होता. ते तिच्या अंगावर भांडी फेकत. माझ्याशी मात्र कधी वाकडं बोलले नाहीत. घाटाबद्दल तर एक शब्दही बोलले नाहीत. त्यांना काही माहीत नसावं, असंच मी धरून चाललो होतो.

त्यांचं तेरावं झालं त्या दुपारी पाहुणे पांगले. आक्का मागच्या पडवीत एकटीच बसली होती. मी तिच्याजवळ गेलो आणि बसलो. बावीस वर्षं मी हे कसं सांगायचं ते ठरवत होतो, आणि तोंड उघडलं तेव्हा सगळं दोन वाक्यांत संपलं. मी म्हणालो, आक्का, मी पिन ठोकत नव्हतो, काढत होतो. खाली एस.टी. आहे हे बघून काढत होतो.

तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

"माहिताय मला," ती म्हणाली. "त्यांनी दवाखान्यातच सांगितलं, शुद्धीवर आले त्या दिवशी. गाडीत बसून त्यांना घाव ऐकू येत होते. वरून मारलं की दबून वाजतं आणि खालून मारलं की खणखणतं म्हणे. म्हणाले, हा काढतोय. म्हणून त्यांनी गाडी वळवली."

मी विचारलं, म्हणजे काय.

"तोवर ते धरून बसले होते. लोक उतरंस्तवर धरीन म्हणत होते. पण तू काढतोयस हे ऐकलं. गाडी सरकताना ओढ जरा ढिली पडली तरी पिन निघेल म्हणाले, आणि ती निघायच्या आत वळवली. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती मला. मला म्हणाले, जयवंताचा हात तुझ्यासाठी उठला होता, त्याला बोल लावू नकोस."

कोपऱ्यात दाजींच्या कुबड्या अजून तशाच उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होतो. म्हणजे त्यांचा पाय पिनेने नाही, बॉयलरनेही नाही, माझ्या घावांनी गेला होता. आणि तरी ते लोकांसमोर उभे राहून बोलले होते, जयवंतानं पिन धरली म्हणून.

"मी काही त्यांच्याएवढी मोठी नाही," आक्का म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ कमी झालंय हे सांगावं तसा. "त्यांच्या जखमा धुताना कितीदा वाटलं मला. निघाली असती तुझी पिन तर बरं झालं असतं. गेली असती ती माणसं. माझा माणूस तरी धड राहिला असता. देवासमोर बसून वाटलंय."

त्याच वेळी मंदा आतून चहा घेऊन आली. सकाळपासून ती राबत होती, केस विस्कटले होते. तिने एक कप आक्काला दिला, एक मला, आणि आम्हा दोघांची तोंडं बघून विचारलं, की काय बोलत होतात.

"घाटातलं," आक्का म्हणाली.

मंदाने पदराने डोळे पुसले. तिचं दाजींवर फार प्रेम होतं. ती म्हणाली, किती वर्षं झाली, पण मला अजून त्या खिडकीतून दिसलेलं सगळं दिसतं. तो काळा बॉयलर वर उभा होता आणि मी म्हणत होते, आला, आता आला. ह्यांनी पिन सोडली असती तर आज मी इथं नसते, पोरं नसती.

मी कप हातात धरून बसलो होतो. आक्का मंदाकडे बघत होती. इतका वेळ, इतकी रोखून, की आता ती सगळं सांगून टाकेल असं मला वाटलं. शेवटी ती जराशी सरकली आणि तिने शेजारची जागा हाताने झाडली.

"हो," आक्का म्हणाली. "नाही सोडली त्यानं. बस इथं. सकाळपासून उभीच आहेस."